सासूबाईंची प्रगती

शिक्षक म्हणून माझ्यात एक गुण आहे. मी कुणाची भीडभाड ठेवत नाही. कच्च्याला कच्चं म्हणतो, तेही तोंडावर. म्हणूनच आमच्या प्रौढांच्या संध्याकाळच्या शाळेत मुख्याध्यापिकाबाईंनी जेव्हा फर्मान काढलं, की प्रत्येक विद्यार्थ्याला एकट्याला समोर बसवून त्याच्या प्रगतीबद्दल स्पष्ट बोला, तेव्हा बाकीचे शिक्षक रजेचे अर्ज शोधू लागले आणि मी बाह्या सरसावल्या.

सुरुवात झकास झाली. बस कंडक्टरला मी सुनावलं की अपूर्णांक म्हणजे सुटे पैसे नव्हेत, ‘उतरताना घ्या’ म्हणून भागणार नाही. शिंप्याला सांगितलं की बाजू कमी पडली म्हणून त्रिकोण उसवायचा नसतो. दोघंही माना खाली घालून गेले. मी खुशीत दार उघडून ‘पुढचे’ म्हणालो, तर बाहेर माझ्या सासूबाई!

सासूबाई आमच्याकडेच राहतात. लग्नापायी त्यांची शाळेची शेवटची परीक्षा राहून गेली होती. नातवंडं मोठी झाल्यावर त्यांनी ती पुन्हा मनावर घेतली आणि माझ्याच वर्गात नाव घातलं. वर्गात त्या मला ‘सर’ म्हणायच्या, घरी ‘जावईबापू’, आणि रागावल्या की काहीच म्हणायच्या नाहीत. चाचणीत त्या गणितात सपशेल आपटल्या होत्या. ‘या दोन बाजू समान आहेत हे सिद्ध करा’ याखाली त्यांनी टपोऱ्या अक्षरांत लिहिलं होतं, ‘दिसतंच आहे.’

त्या खुर्चीत ताठ बसल्या, चष्मा पुसला आणि म्हणाल्या, “बोला सर.”

मी तोंड उघडलं आणि माझ्या डोळ्यांपुढे बायको उभी राहिली. तिच्यामागे व्यायामशाळा चालवणारा तिचा भाऊ.

“आई, तुमची पद्धत जरा वेगळी आहे,” मी म्हणालो. “परीक्षकांना झेपेल की नाही, सांगता येत नाही.”

त्या प्रसन्न हसल्या. मला वाटलं, सुटलो.

मी घरी पोचायच्या आधीच बातमी पोचली होती. आईचं गणित म्हणे परीक्षकांनाही झेपायचं नाही, असं खुद्द सरांनी सांगितलं होतं. बायको माझ्याकडे लग्नानंतर प्रथमच कौतुकाने बघत होती. मेहुण्याने फोन करून मला शाबासकी दिली आणि आईकडून भूमिती शिकायला आपल्या दोन्ही मुलांना धाडलं. खुलासा करावा असं माझ्या मनात बऱ्याचदा आलं, पण जेवताना आयतं समोर येणारं पान बघून मी गप्प बसत गेलो.

सासूबाई मात्र गप्प बसणाऱ्यांतल्या नव्हत्या. त्यांनी आपली पद्धत वर्गातही मोकळ्या हाताने वाटली. पुढच्या चाचणीत कंडक्टरने लिहिलं, ‘दिसतंच आहे.’ शिंप्याने लिहिलं, ‘कुणालाही दिसेल.’ एका नर्सबाईंनी तर ‘दिसत नसल्यास डोळे तपासून घ्यावेत’ असा सल्लाही दिला होता.

मग मुख्याध्यापिकाबाईंनी मला एकट्याला बोलावलं. त्यांनी आवाज चढवला नाही. वर्ग परीक्षेला बसेल की नाही हे आता माझ्यावर आहे, आणि मी वर्गावर राहीन की नाही हे वर्गावर, एवढंच त्यांनी सांगितलं.

त्या संध्याकाळी घरी कुणी नसताना मी सासूबाईंसमोर बसलो आणि डोळे मिटून सगळं ओकून टाकलं. त्या नापास आहेत, पद्धत वगैरे काही नाही, मी भ्यायलो होतो. डोळे उघडले तर त्या माझ्याकडे रोखून बघत होत्या. ‘जावईबापू’ नाही, ‘सर’ नाही. बराच वेळ काहीच नाही.

“मला ही परीक्षा खरंच पास व्हायचंय,” शेवटी त्या म्हणाल्या. “तुम्हाला ती माझी हौस वाटली का?”

मी जाऊन कागद-पेन्सिल आणली.

स्वयंपाकघरातल्या टेबलावर आम्ही पहिल्यापासून सुरुवात केली. बाजू दिसते तशी नसूही शकते, म्हणून सिद्ध करायची, हे मी सांगितलं आणि त्यांनी माझ्याशी असं कडाकडा भांडण केलं, की शेवटी सिद्धता त्यांनाही कळली आणि मलाही. भांडण रोजचं झालं. पुढे कंडक्टर, शिंपी आणि नर्सबाईही भांडायला येऊ लागले. बायको चहा करून करून दमली.

सगळे पास झाले. सासूबाई तर गणितात पहिल्या आल्या. निरोपाच्या समारंभात त्यांना दोन शब्द बोलायला सांगितलं. बायको पुढच्या रांगेत डोळे पुसत होती. मुख्याध्यापिकाबाई माझ्याकडे बघून हसल्या. मी कोटाचं बटण लावून, आभार मानले की उठायच्या तयारीत बसलो.

“गणित मला जावयांनी शिकवलं,” सासूबाई माईकवर ठणठणीत आवाजात म्हणाल्या, “घरी. वर्गात ते फळ्याशी काय पुटपुटतात, ते आम्हाला कुणालाच कधी ऐकू आलं नाही.”

सगळ्यात जास्त टाळ्या कंडक्टरने वाजवल्या. मीही उभा राहून वाजवल्या. बटण लावलेलंच होतं, दुसरं करणार काय?