गेणुभाऊंचं मीठ

खोडदला कुठंही लग्नाची पंगत असली, की आमचे शेजारी गेणुभाऊ आधी आचाऱ्याकडे जायचे. तळहातावर आमटी घेऊन चाटायचे. त्यांनी मान हलवली, तरच त्यांची बायको, पारूवहिनी, पानावर बसायची.

"आलं मिठाचं इन्स्पेक्टर!" वाढपी ओरडायचे.

"हसा राव. कमी पडलं तर तुमी येनार हाय का निस्तरायला?"

पारूवहिनींचं मन मध्यंतरी फार बिघडलं होतं. महिनाभर झोप नाही, मग महिनाभर शब्द नाही. पुण्याच्या डॉक्टरांनी लिथियमच्या गोळ्या सुरू केल्या आणि वहिनी माणसांत आल्या. पण हे औषध रक्तात जरा जास्त झालं, की तेच विष. मी आकड्यांचा माणूस, म्हणून तपासणीचा कागद गेणुभाऊ माझ्याकडून वाचून घ्यायचे. आकडा एकाच्या आत आहे म्हटलं, की त्यांचे खांदे खाली यायचे.

"गोळी डोक्यापर्यंत जाते कशी हो?" मी एकदा विचारलं.

"ड्रिपमधून खत सोडतो ना, तशीच. पोटातून तासा-दोन तासात रक्तात. मंग आंगात जितं पानी, तितं ती. घामात, थुंकीत, डोळ्याच्या पान्यातसुदिक. डोकं म्हंजी लांबचा वाफा. तितं उशिरा पोचती, अन् उशिराच हलती."

"आणि मीठ?"

"मूत्रपिंड लई येडं हाय, भाऊ. आंगातलं मीठ-पानी घटलं, की गोळीलाच मीठ समजून धरून ठिवतं. बाहीर सोडतच न्हाई."

अंगणात वहिनी शेंगा फोडत गुणगुणत होत्या. गोळीतला चिमटीभर क्षार, त्यांच्या अंगातल्या साऱ्या पाण्यात पसरलेला. आणि त्यावर ते गुणगुणणं. मी बघतच राहिलो.

मग हरतालिका आली. नवऱ्याच्या आयुष्यासाठी दिवसभर पाण्याचा थेंबही घ्यायचा नाही, हा उपास वहिनींनी आजारपणाआधी कधी चुकवला नव्हता. यंदा त्या हटूनच बसल्या.

"न्हाई धरला, तर तुमचं काय व्हईल?"

"अन् धरला, तर तुझं काय व्हईल?"

बराच वेळ कुणीच हटेना. शेवटी गेणुभाऊ म्हणाले, "उपास घडाया पायजे ना? मंग मी धरतो. तू पानी पी."

मला हसू आवरेना. "अहो, स्वतःच्याच आयुष्यासाठी?"

"कुनाच्या, ते मी बोललो का?"

संध्याकाळी आमच्या ओसरीवर वाळूच्या पिंडीपुढे साऱ्या बायकांत एकटे गेणुभाऊ. ओठ सुकलेले. बायका पदराआड हसत होत्या. ते मधूनमधून वहिनींपुढे तांब्या सरकवायचे. वहिनी आधी रागानं बघायच्या, मग प्यायच्या.

त्यांच्या प्रत्येक घोटाला गेणुभाऊंचा कोरडा घसा हलायचा.