अर्धा जोर मोजायचा नाही

देवणीतले आमचे शेजारी बिरादार काका युद्धाचा पिक्चर अर्धाच बघतात. पोरांचं ट्रेनिंग संपून गाडी सीमेकडे निघाली, की माझ्या हातातला रिमोट घेऊन टीव्ही बंद करतात. "झालं सर. पुढं नुसती लढाई हाय." त्यांच्यापायी मला आजवर एकाही युद्धात कोण जिंकलं ते कळलेलं नाही.

काका फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झाले. नोकरीची बहुतेक वर्षं नव्या रंगरुटांना घडवणारे उस्ताद होते. रविवारी दुपारी ते स्वतःचं स्टूल घेऊन येतात, कारण आमच्या सोफ्यावर माणूस ढिला पडतो म्हणे. पडद्यावरचा उस्ताद पोरांना जोर मारायला लावू लागला, की काका मोठ्यानं मोजतात. "एक. दोन. दोन. दोनच! अर्धा जोर मोजायचा न्हाई." समोर चहा गार होत असतो.

एका जागी मात्र ते गप्प होतात. पिक्चरमधला उस्ताद एखाद्या पोराच्या तोंडाशी तोंड नेऊन सांगतो, तुला आता नाव नाही, आई नाही, तू फक्त नंबर. पोरगं ओरडून तेच म्हणतं आणि मागे जोशात संगीत वाजतं. एकदा मी म्हणालो, "हे जरा वाढवून दाखवतात, नाही का?"

काका स्टुलावर ताठच होते. "न्हाई सर. संगीत तेवढं वाढवतेत."

असा हा कडक माणूस, पण त्यांचे बैल गावाच्या चेष्टेचा विषय आहेत. गोऱ्हा वयात आला की नाक टोचून वेसण घालायची, ही इथली रीत. काकांनी दोन्ही गोऱ्हे तसेच वाढवले, वर त्यांना अहो-जाहो करतात. "चला की राव, ऊन चढायलंय." राव चालत नाहीत. मागे भर बाजारात त्या दोघांनी गाडी ओढत नेऊन दुसऱ्याच्या कडब्यात घातली आणि पोट भरेपर्यंत हलले नाहीत. काका टोपी काढून शेजारी उभे. "फौज सरळ केली म्हणं, आन् बैल न्हाई जमत," असं कुणीतरी म्हणालं. सगळे हसले, मीही हसलो. आता त्याची लाज वाटते.

दर महिन्याला काका देगलूरच्या एसटीत बसतात. गेल्या महिन्यात माझंही तिकडे काम होतं, म्हणून सोबत गेलो. काम उरकल्यावर ते मला एका घरी घेऊन गेले. ओट्यावर चाळिशीचा एक माणूस बसला होता, गुडघे जुळवून, हात गुडघ्यांवर ठेवून. नागनाथ त्याचं नाव, हाही निवृत्त फौजी. त्याच्या म्हाताऱ्या आईनं पाणी दिलं. काकांनी कडब्याची गोष्ट सुरू केली. बैल कसे चघळत होते, आपण कसे हात जोडत होतो, सगळं करून दाखवलं. मी पोट धरून हसलो, म्हातारीही हसली. नागनाथ समोर बघत होता.

परतीच्या एसटीत काका आपणहून बोलले.

"माझा रंगरूट त्यो. पयल्या आठवड्यात आईसाठी रडला. मी साऱ्यांसमोर उभा केला आन् रडणं थांबस्तोवर नंबर म्हणवून घेतला. लई चांगला शिपाई झाला. मी घरी आल्यावर त्याची माय मला हुडकत आली. म्हणली, हसरं पोरगं दिलं होतं तुमच्याकडं, ते कुठं ठिवलं?"

काका अर्धाच पिक्चर का बघतात, ते मी विचारलं नव्हतं, पण त्यांनी सांगितलं. "माझं काम तेवढंच हाय त्यात. मी काय केलं, ते बघतो."

उदगीर गेलं. काका पाठ टेकून बसले होते. असं मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

"सर, बैल कडब्यात घुसले म्हणलो, तवा त्याचा ओठ हालला. तुमी बघितलं का?"

मला काहीच दिसलं नव्हतं. "बघितलं," मी म्हणालो.

"पण अर्धंच हसला." मग त्यांनी मला विचारलं, "मोजू का?"

"मोजा, काका."

"एक," ते हळूच म्हणाले.