गुंडाण्णांचा ताणकाटा

गुंडाण्णा कधी "लई जोर लागला" असं म्हणत नसत. ते म्हणत, "साडेसहा शेर जोर लागला."

शहापुरात आमच्या आणि त्यांच्या घराची दारं समोरासमोर. दोन्हीकडे माग. दुपारी माग थांबला की गुंडाण्णा खुंटीवरचा ताणकाटा काढत. कॅम्पातल्या कुणा गोऱ्याच्या सामानाच्या लिलावात त्यांनी तो घेतला होता. पितळेची पट्टी, आत स्प्रिंग, खाली आकडा. आकड्यात काहीही अडकवून ओढलं की काटा खाली सरके. त्यावर खुणा पौंडांच्या. आमच्या गल्लीत पौंड कुणाला कळणार? म्हणून ते पौंडांचे शेर करत, शेरांचे मण करत, आणि हिशेब तपासायला माझ्याकडे येत. मी चौथीपर्यंत शिकलेली, पावकी-निमकी तोंडपाठ. तव्यावर भाकरी करपली तरी सुटका नसे.

वासरू आईकडे किती ओढ घेतं, आमच्या फुगलेल्या दाराला किती हिसका लागतो, सगळं त्यांनी मोजलं. एकदा म्हणाले, "तारे, तुज्या केसांची येणी किती जोर सोसती बगू?"

मी लाटणं उचललं.

"ऱ्हाऊ दे," ते मागे सरकले. "ह्यो हाणायचा जोर झाला. माजा काटा वढायचा हाय."

भाताच्या गिरणीत इंजिन आलं. फिटर म्हणाला, पाच घोड्यांचं आहे. गुंडाण्णांनी विचारलं, "कंचं घोडं? टांग्याचं का पलटणीचं?" फिटर हसला. हे हसले नाहीत. आठ दिवस रोज जाऊन तेच विचारलं. शेवटी त्यांना लांबून बघितलं तरी फिटर दार लावून घेई.

मग काशाक्का, त्यांची बायको, तापानं पडली. ताप उतरला, पण हातातला जोर गेला. विहिरीवर भरलेली घागर निम्म्यावर आली की परत खाली जाई. आम्ही बाया म्हणालो, आम्ही ओढतो. तर म्हणे, "दुसरीनं वढल्यालं पानी माज्या चुलीवर चडणार न्हाय." नवऱ्यानं ओढलं तर गल्ली हसेल. हट्टी बाई, दुसरं काय! तिनं निपाणीला भावाला निरोप धाडला, गुरुवारी येऊन मला घेऊन जा. जोर आला की परत येईन. घरात मूल नाही, बाळ नाही. ती गेली की त्या घरात माग आणि गुंडाण्णा, दोघंच.

त्या दिवशी त्यांनी मागाच्या दोरीला काटा बांधला आणि आत हाक मारली, "काशे, जरा वढ गं, माजा हात गुतलाय."

तिनं ओढलं. ते माझ्याकडे आले. "अकरा पौंड. दोन पौंडाला शेर धर."

"साडेपाच शेर."

"त्यातला अर्धा शेर दोराचा आन् रहाटाच्या कुरकुरीचा. पान्यासकट पाच शेराची घागर पायजे. दिसायला जुन्यावानी."

मी हिशेब तपासला. बरोबर होता. ते एका तांबटाकडे धावले. तो चिकोडीकडचा, नवीनच दुकान टाकलेला.

बुधवारी घागर आली. तांब्यापेक्षा जरा मोठी. आमचा शेर पक्का आणि तांबटाचा त्याच्या गावाकडचा कच्चा, त्याचे तीन शेर मिळून आमचा एक होणारा. पौंडांचे शेर आम्ही दोघांनी केले, पण शेर कुणाचा हे विचारलं एकानंही नाही.

काशाक्कानं घागर उलटीसुलटी केली. "अवो, भावलीचं लगीन काडलंय व्हय?" आणि हसायला लागली. दोन महिन्यांत पहिल्यांदाच. हसताहसता दाराशी बसली. गुंडाण्णा बिचारे घाम पुसत उभे.

गुरुवारी भाऊ आला तेव्हा ती विहिरीवर होती. तेवढीशी घागर सोडायची, ओढायची, हंड्यात ओतायची. भाऊ म्हणाला, "आक्का, चल. मोटार सुटंल."

"तू जा रं. हितं हंडा भराय सांज व्हतीया."

तो गेला. पुढे महिनाभर आमच्या विहिरीवर बाया खोळंबून भांडत होत्या, तेही खरं. मीही भांडले.

मग एके सकाळी तिनं आपण होऊन मोठी घागर काढली. मी पाण्याला गेले तेव्हा ती दातओठ खाऊन ओढत होती आणि गुंडाण्णा तिच्या मागे दोराचं टोक हातात धरून उभे होते. गल्ली बघत होती. बघू दे.

काशाक्का मान न वळवता म्हणाली, "सोडा जरा. मला वढू द्या."

त्यांनी दोर थोडा सैल सोडला. किती शेर सोडला, ते त्यांनी मला कधी सांगितलं नाही.