डावा खांदा सगीरचा

बोकाडेकाकांनी आमच्या केतकीला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ती चौथीत होती आणि क्वार्टरच्या मागच्या मोकळ्या जागेत एका तुटक्या हॉकी स्टिकने टेनिसचा चेंडू बडवत होती. काकांनी सायकल थांबवली, चष्मा कपाळावर चढवला, तिच्याभोवती अर्धी फेरी मारली आणि जाहीर केलं, "डावा खांदा सगीरचा आहे."

हे त्यांनी माझ्या सासूबाईंसमोर जाहीर केलं. आमच्या दोन्ही घराण्यांत सगीर नावाचं कोणी नाही. सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं, मी नवऱ्याकडे पाहिलं आणि काका सायकलवर टांग मारून निघूनही गेले. त्यानंतर आमच्या घरात बरेच दिवस एक विचित्र शांतता होती. तेवढ्या काळात सासूबाईंनी माझ्या भाजीला एकदाही नावं ठेवली नाहीत, तेव्हा मी त्या शांततेबद्दल तक्रार करणार नाही.

पुढे खुलासा झाला. सगीर हा काकांच्या तरुणपणी कारखान्याच्या टीमचा सेंटर फॉरवर्ड. पळता पळता तो डावा खांदा असा काही पाडायचा की समोरच्याला वाटे, हा आता डावीकडून निघाला. समोरचा तिकडे झुके आणि सगीर चेंडू घेऊन उजवीकडून पसार झालेला असे. केतकीने टेनिसच्या चेंडूपुढे खांदा पाडला होता, एवढंच. समोर कोणी नव्हतं. पेरूचं झाड होतं.

काका मूळचे नागपूरचे. वडील सरकारी कचेरीबरोबर भोपाळला आले, हे पिपलानीच्या कारखान्यात लागले, इन्स्पेक्शनमध्ये. तिथे आयुष्यभर एकच काम केलं. तयार झालेला भाग नमुन्याशी ताडून पाहायचा. जमला तर पास, सुधारण्यासारखा असला तर रीवर्क, नाहीतर रिजेक्ट. निवृत्तीनंतर कारखाना सुटला, ताडून पाहणं सुटलं नाही. माझ्या हातचे पोहे खाऊन ते म्हणणार, "ताई, पोहे पास. शेंगदाणे रीवर्क." आम्ही गाडी घेतली तेव्हा सगळी कॉलनी पेढे खाऊन गेली. काकांनीही पेढा खाल्ला आणि म्हणाले, "हॉर्न रिजेक्ट." शेजारच्या मुलीला पाहायला मंडळी आली होती तेव्हा यांना कशाला बोलावलं होतं देव जाणे, पण ते बोलून गेले, "पोरगा पास आहे, मामा रिजेक्ट." लग्नात त्याच मामाने मानपानावरून मांडव डोक्यावर घेतला. तेव्हापासून कॉलनीत काकांचा वचक आहे.

पण काकांची खरी तपासणी चालायची ती मैदानावर, आणि तीही फक्त फॉरवर्डची. गोलकीपर आणि बॅक यांना ते माणसांत धरतात, पण खेळाडूंत नाही. नवा फॉरवर्ड दिसला की काका त्याला सुटा करायला घेतात. धाव पांडेची, मनगट जोसेफचं, खांदा सगीरचा, सगळे त्याच जुन्या टीममधले. पूर्ण माणूस त्यांना कधी दिसतच नाही. एकदा केतकीने त्यांना मोबाइलवर कुठल्या तरी परदेशी खेळाडूचे गोल संथ गतीने दाखवले. काकांनी सगळं शांतपणे पाहिलं आणि म्हणाले, "हळू केल्यावर तर मीपण चांगला दिसीन." गवताच्या जागी आलेल्या निळ्या टर्फवर त्यांचा राग आहे. "स्विमिंग पूलवर खेळून राहिले सगळे," असं ते दर सामन्याला म्हणतात आणि दर सामन्याला हजर असतात.

केतकी मोठी होत गेली, कॉलेजात गेली, आमच्या भागातली नाव घेण्यासारखी सेंटर फॉरवर्ड झाली. आई म्हणून मी हे सांगणं शोभत नाही, पण वर्तमानपत्रात दोनदा फोटो आला होता आणि त्यातल्या एकात तिचा चेहराही दिसत होता. तरी काकांच्या तोंडून सरळ शाबासकी नाही. "पोरगी चांगली खेळून राहिली ताई, पण बॉल सोडते तेव्हा मनगट जोसेफचं नाही ना." कधी, "आज धाव पांडेची होती. उताराला लागलेल्या पांडेची." त्यातल्या त्यात खूश असले तर म्हणायचे, "खांदा आला. आज सगीर आला." एवढं बोलून एक कापडी पिशवी घेऊन सिटी बसने कुठेतरी जायचे. कुठे म्हणून विचारलं तर उत्तर ठरलेलं, "रिपोर्ट द्यायचा राहते." निवृत्त माणूस कोणाला रिपोर्ट देतो, हे विचारायच्या फंदात आम्ही पडलो नाही. काकू जाऊन बरीच वर्षं झाली, मुलगा दूर, संध्याकाळ कुठेतरी घालवायची असेल असं वाटायचं.

राज्याच्या संघाची निवड जवळ आली आणि घरातलं वातावरण तापलं. तेवढ्यात एक सामना झाला, त्यात केतकीने दोन गोल मारले. दोन! घरी येताना ती हवेत होती. फाटकाशी काका भेटले आणि म्हणाले, "दुसऱ्या गोलला सगीर असता ना, तर त्याने गोलकीपरला एवढी तसदी दिलीच नसती."

केतकीने स्टिक अंगणात फेकली. "सगीर, सगीर, सगीर! मी कधीतरी माझ्यासारखी खेळते की नाही?" आणि आत जाऊन तिने दार लावून घेतलं. जेवायलाही आली नाही.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी तशीच काकांच्या क्वार्टरवर गेले. ते वरणाला फोडणी देत होते. मी उंबऱ्यातूनच सांगितलं, "काका, मुलीची निवड तोंडावर आली आहे. तिचा जीव टांगणीला लागलाय. यापुढे तिच्या खेळाबद्दल कोणाची उपमा नको. पांडे नको, जोसेफ नको, आणि सगीर तर मुळीच नको."

मला वाटलं होतं, वाद घालतील. काकांनी गॅस बारीक केला आणि म्हणाले, "बरं ताई." बस्स. मी काही चुकीचं बोलले नव्हते, आजही तेच बोलेन, पण त्या "बरं ताई"ने माझी भांडायची हौस अर्धीच राहिली.

काकांनी शब्द पाळला. सरावाला यायचे, पण मैदानाच्या पलीकडच्या टोकाला बसायचे. तोंडातून अक्षर नाही. माझे पोहेसुद्धा न बोलता खायला लागले. कापडी पिशवी खुंटीला लटकून राहिली, बसने जाणं थांबलं. पहिले काही दिवस केतकी खुशीत होती. मग एकदा मला हळूच म्हणाली, "आई, आज खांदा बरोबर पडला होता का गं?" मला काय कळतंय! मी म्हटलं, "छान पडला." तिने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं, त्या नजरेने मी तिच्या वडिलांच्या स्वयंपाकाकडे पाहते.

निवडीच्या सामन्याला आम्ही दोघी आणि काका, असे आमच्या गाडीतून गेलो. सामना वाईट गेला. सांगण्यासारखं त्यात काही नाही. केतकीच्या पायात चेंडू अडकत होता, खांदा पडत होता पण कोणी फसत नव्हतं, एकदा तर समोरच्या मुलीने अगदी सहज, दारातला पेपर उचलावा तसा तिचा चेंडू काढून घेतला. शेवटी नावं वाचून दाखवली तेव्हा केतकीचं नाव संघात आलं नाही. राखीव खेळाडूंत आलं, तेही शेवटचं.

ती येऊन काकांसमोर उभी राहिली. तिला ऐकायचं होतं. जोसेफ म्हणा, पांडे म्हणा, काहीही म्हणा, पण म्हणा, असं तिच्या चेहऱ्यावर लिहिलेलं होतं. काकांनी माझ्याकडे पाहिलं आणि तोंड मिटून घेतलं.

गाडीत बसल्यावर थोड्या वेळाने ते म्हणाले, "ताई, मला अशोका गार्डनला सोडून देता? लय दिवस झाले." मी गाडी वळवली. त्या वस्तीत, रेल्वे लाइनीजवळच्या गल्लीत, एका किराणा दुकानाच्या वरच्या मजल्यावर जायचं होतं. जिना अंधारा होता, काकांचे गुडघे रिजेक्ट झालेले, म्हणून आम्ही दोघीही त्यांना धरून वर गेलो.

दार एका बाईंनी उघडलं. "चचा! इतने दिन? अब्बू रोज़ पूछ रहे थे."

आत पलंगावर एक म्हातारे गृहस्थ उशीला टेकवून बसवलेले होते. चेहऱ्याची एक बाजू उतरलेली. डावा हात कोणीतरी उचलून ठेवल्यासारखा पांघरुणावर पडलेला. आम्हाला पाहून उजव्या बाजूचा ओठ हलला आणि अस्सल भोपाळी हाक आली. "को खाँ बोकाड़े. मर गए थे क्या?"

"नहीं सगीर. अभी लाइन में हूँ," काका म्हणाले.

मी केतकीकडे पाहिलं. ती त्या डाव्या खांद्याकडे पाहत होती. मला इतक्या वर्षांत एकदाही वाटलं नव्हतं की हा सगीर अजून हयात असेल, आणि तो असा, आमच्यापासून एका बसच्या अंतरावर असेल.

त्या बाईंनी, म्हणजे सगीरभाईंच्या सुनेने, पाणी आणलं. सगीरभाईंनी पाण्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "लड़की खेली?"

"खेली."

"मेरा वाला निकला?"

काका माझ्याकडे वळले. त्यांनी मला शब्द दिला होता आणि तो मोडायची ते परवानगी मागत होते. मी मान हलवली. दुसरं काय करणार होते?

"निकला?" काका खुर्ची पुढे ओढत म्हणाले. "अरे ऐसा निकला कि क्या बताऊँ. दूसरे हाफ में. दूर से गेंद लेके आई, कंधा गिराया, बिल्कुल तेरा. सामने वाली घास पे बैठ गई."

"घास कहाँ है अब?"

"मतलब वो नीला वाला."

ज्या माणसाने माझ्या शेंगदाण्यांना कधी सूट दिली नाही, तो माणूस माझ्यासमोर बसून धडधडीत खोटं सांगत होता, हातवारे करून, रंगवून. तसं काही झालंच नव्हतं. सगीरभाईंच्या डोळ्यांत शंका आली. "सच बोल रिया है?" मग त्यांनी केतकीला जवळ बोलावलं. "बच्ची, तू बता. किधर बैठी वो?"

केतकीने एकदा काकांकडे पाहिलं. मग स्पष्ट आवाजात म्हणाली, "अपने दाएँ, चचा. मैं दूसरी तरफ़ से निकल चुकी थी."

सगीरभाईंनी डोळे मिटून मनातल्या मनात तो प्रसंग लावून पाहिला. "हाँ," ते म्हणाले. "दाएँ ही बैठेगी." आणि उजव्या हाताने त्यांनी आपला डावा खांदा थोपटला, दोनदा, हळूच. मला रडू आलं. येताना वाटेत घेतलेली केळी पिशवीतून काढून ठेवायचं निमित्त करून मी पाठ फिरवली.

परतताना काका माझ्या शेजारी बसले होते, केतकी मागे. रेल्वे लाइन मागे पडली. मग काकाच म्हणाले, "आजचा रिपोर्ट खोटा होता. पहिल्यांदाच." मग म्हणाले, "पहिले जोसेफला फोन करायचो, पांडेच्या घरी जायचो. सांगायचो, आज तुझं मनगट दिसलं, आज तुझी धाव दिसली. खूश व्हायचे. पांडे गेला. जोसेफ गेला, त्याची पोरगी फोन उचलते, ऐकते बिचारी, पण तिला काय समजते. आता सगीर आहे. म्हाताऱ्या माणसाला कोणी सांगावं लागते ना ताई, की तुझं अजून मैदानावर चालू आहे करून."

म्हणजे इतकी वर्षं आम्ही समजत होतो, काका आमच्या मुलीला कमी लेखतात. ते तिच्यात आपले मित्र शोधत होते, आणि सापडला की धावत जाऊन त्याला कळवत होते.

केतकी मागून पुढे वाकली. "काका, आणि तुमच्यासारखं कोण खेळतं?"

"माझ्यासारखं?" काका हसले. "मी कुठे खेळलो बेटा? मी राखीव होतो. शर्ट मिळायची टीमची, चांगली होती. बाजूला बसून राहायचो. कोणाला लागलं तर मी जाणार. पण हे असे गडी, कोणाला कधी लागेच ना. म्हणून तर मी सगळ्यांचं सगळं पाहिलं."

"मग आज मी तुमच्यासारखी," केतकी म्हणाली.

ती चेष्टेने म्हणाली नाही, सांत्वन म्हणूनही नाही. जसं ते म्हणायचे तसंच म्हणाली, तपासून. काकांनी मान वळवून तिच्याकडे पाहिलं, मग समोर रस्त्याकडे. ज्याने उभ्या भोपाळच्या पोरांना कोणा ना कोणाशी ताडून पाहिलं, त्याच्याशी आजवर कोणी कोणाला ताडून पाहिलं नव्हतं.

पिपलानीत शिरलो. त्यांच्या क्वार्टरपुढे मी गाडी थांबवली, तरी ते उतरेनात. मी म्हटलं, "काका, घर आलं."

"हो," ते म्हणाले. "बसू द्या थोडं."

मी इंजिन बंद केलं. मागे केतकीही बसून राहिली.