नॅडिनच्या ट्रकचं टॉनिक

ऐक, नुसतं ऐक! मध्ये बोललास तर माझा सूर जाईल.

तर आमची नॅडिन हालुष्का. वय अठ्ठावन्न, आवाज असा की दोन शेतांपलीकडची गाय मान वळवून बघते. आणि तिचा तो डिझेलचा ट्रक! सत्तावीस वर्षांचा, मूळ रंग कुठला यावर घरात अजून दोन मतं. एप्रिलमध्ये गावच्या दुकानात सेल लागला आणि हिने डिझेलमध्ये ओतायच्या टॉनिकचा अख्खा खोका उचलला. बारा बाटल्या! तेव्हापासून जो भेटेल त्याला ऐकवायची, "तुम्ही लोक गाड्यांना नुसतं जेवायला घालता. मी माझ्या ट्रकला टॉनिक देते. आठवड्याला एक बाटली. बघा, मला पुरून उरेल हा!"

मे महिन्यात ट्रक बंद पडायला लागला.

बंद पण कसा? अगदी शिस्तीत! वीस मिनिटं घोड्यासारखा पळायचा, मग एक उचकी, दोन उचक्या, आणि ठप्प. दहा मिनिटं उभा राहिला की काही झालंच नाही अशा चेहऱ्याने पुन्हा चालू!

नवरा ऑरेस्ट म्हणाला, "पंप गेलाय. डिझेल इंजिनापर्यंत पोचतच नाहीये." पंप बदलला. वीस मिनिटं, ठप्प. धाकटा दीर मिरोन म्हणाला, "वहिनी, फिल्टर तुंबलाय." फिल्टर बदलला. वीस मिनिटं, ठप्प. मग फिल्टर परत बदलला, कारण मिरोनला दुसरं काही सुचेना. नॅडिन म्हणायची, "अशक्तपणा आहे हो, दुसरं काही नाही." आणि आठवड्याची बाटली ओतायची. जुलैपर्यंत विसाची पंधरा मिनिटं झाली!

पुतणीच्या लग्नाला जाताना ऑरेस्ट सुटाबुटात दोनदा डासांच्या तोंडी उभा राहिला, आणि संपलं.

"सोमवारी लिलाववाल्याला बोलावलंय," तो म्हणाला. "ट्रक जाणार."

"हात तर लावून दाखव!"

"बरं. शनिवारी गावाची मिरवणूक आहे. चर्चच्या बायकांचा चित्ररथ तूच ओढणार आहेस ना? धान्याच्या कोठारापासून आइस रिंकपर्यंत नेऊन दाखव. दुसऱ्या गाडीने तुला ओढावं लागलं, तर ट्रक लिलावात."

"आणि पोचले तर?"

"तर मी पुन्हा नाव काढणार नाही."

मिरोन हसला. "मी माझा पेट्रोलचा ट्रक तयार ठेवतो वहिनी. दोरासकट!"

"तुझ्या त्या पेट्रोलवाल्या खेळण्याने माझा ट्रक ओढायचा? त्यापेक्षा मी स्वतःला जुंपून घेईन!"

मग बाई पेटली. शुक्रवारी तिने ट्रकच्या टाकीची नळीच काढली. शेतातलं डिझेलचं मोठं पिंप शेजारी ठेवलं, त्यातून पारदर्शक नळी थेट पंपाला जोडली आणि इंजिन चालू केलं. पंधरा मिनिटं, वीस, चाळीस, तासभर! उचकी नाही की काही नाही!

"बघितलंस?" ती ओरडली. "पंप ठीक, इंजिन ठीक! माझ्या ट्रकमध्ये दोष नाहीच!"

"म्हणजे दोष टाकीत आहे," ऑरेस्ट म्हणाला. "उद्याच्या आत टाकी उतरवून बघू का?"

"आत्ता, मिरवणुकीच्या आदल्या दिवशी? काही नको! उद्या टाकीला रजा!"

पिंप काही ट्रकवर मावेना, कारण मागे चर्चचा झेंडा, बाजाची पेटी आणि पिरोगीच्या, म्हणजे सारण भरून उकडलेल्या करंज्यांच्या, पिठाची पोती. म्हणून तिने दहा लिटरचा कॅन बांधला. हिशोब सोपा होता. मिरवणूक पावलापावलाने चालणार, दोन लिटरसुद्धा जळायचं नाही. दहा म्हणजे चैनच!

शनिवार उजाडला. चित्ररथावर सात बायका, मोठं पातेलं, आणि सर्वांत पुढे पेट्रा आजी. वय शहाऐंशी, हातात लाटणं. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना उकडलेल्या पिरोगींसाठी हात पसरलेली जनता! मागे घोडे, ट्रॅक्टर, अग्निशमनची गाडी, आणि शेवटी मिरोन, दोर खिडकीतून लोंबत.

नॅडिन राणीसारखी हात हलवत निघाली. पाच मिनिटं. दहा. पंधरा! खिडकीतून मुंडकं काढून ओरडली, "पंधरा झाली रे, ऑरेस्ट!"

सतराव्या मिनिटाला, बरोबर पाहुण्यांच्या मंडपासमोर, एक उचकी. दोन उचक्या. ठप्प!

उतरून बघते तर कॅन कोरडा ठणठणीत! दहा लिटर गेलं कुठे? ऑरेस्टने कपाळाला हात लावला. "अगं, डिझेल इंजिनाला जेवढं पाजतेस त्यातलं ते थेंबभर जाळतं, बाकीचं परतीच्या नळीने टाकीत पाठवतं! सगळं तुझ्या टाकीत जाऊन बसलंय!"

"मग पिंप का नाही संपलं काल?"

"पिंप दोनशे लिटरचं होतं, नॅडिन!"

मागे घोडे थांबले, ट्रॅक्टर थांबले, बाजावाल्याने एकच धून चौथ्यांदा सुरू केली. मिरोन दोर खांद्यावर टाकून चालत आला. "वहिनी, कुठे बांधू?"

"स्वतःच्या गळ्यात बांध!"

आणि बाईने काय करावं? बॉनेट उघडलं, कॅनची नळी उपटली, टाकीची नळी परत लावली. लाइनीत हवा शिरलेली, म्हणून पंपाचं रबरी बटण हाताने दाबायला लागली. दहा, वीस, तीस वेळा! जनता मोजतेय! पन्नासाव्याला टाळ्या! शेवटी शुभशकुन म्हणून तिने सीटखालची बारावी बाटली काढली. झाकण फिरवलं, तोंडावरचं चंदेरी सील स्क्रूड्रायव्हरने कडेकडेने भोसकलं आणि बाटली टाकीत उपडी केली. गुडुक!

चित्ररथावरून पेट्रा आजीचा आवाज आला, "पोरी, ती चांदीची चकती आत गेली की गं."

सगळं गाव टाकीकडे वाकलं.

"जाऊ दे की!" नॅडिन म्हणाली. "ती विरघळते!"

"विरघळते?" ऑरेस्टचा आवाज चिरकला. "प्रत्येक बाटलीची आत टाकलीस?"

"मग काय कानात घालू?"

आणि ट्रक चालू झाला! खोटं नाही सांगत, पहिल्या फटक्यात! नॅडिन दात काढून निघाली, बाजा निघाला, घोडे निघाले. चर्च गेलं, दुकान गेलं, शाळा गेली. रिंकचं दार दिसायला लागलं. आणि दारापासून चाळीस पावलांवर… उचकी. दोन उचक्या.

मिरोन दोर घेऊन धावत सुटला. तो पोचायच्या आधी नॅडिनने खिडकीतून गर्जना केली, "बायांनो, उतरा!" आणि सात बाया एप्रनसकट खाली! पिठाच्या हातांनी चित्ररथ ढकलायला लागल्या, पुढे ट्रक, थोडासा उतार, पेट्रा आजी लाटण्याने मिरोनला मागे हटवतेय! ट्रक डुलत डुलत रिंकच्या दारात जाऊन टेकला.

"पोचले!" नॅडिन खाली उतरून म्हणाली. "कुठल्याही गाडीने ओढलेलं नाही!"

"ढकललं!"

"ढकलण्याबद्दल तू बोलला होतास का?"

सोमवारी लिलाववाल्याला पिरोगी खिलवून परत पाठवलं आणि दोघा भावांनी टाकी उतरवली. आत चंदेरी चकत्या! इंजिन डिझेल ओढू लागलं की तरंगत येऊन एखादी नळीच्या तोंडावर चिकटायची, इंजिन बंद पडलं की सुटायची. ऑरेस्टने सगळ्या धुऊन जेवणाच्या टेबलावर ओळीने मांडल्या. अकरा.

"खोका बाराचा होता," तो म्हणाला. "एक कुठंय?"

नॅडिनने सूप वाढता वाढता त्याच्याकडे बघितलं. "विरघळली! मी म्हणत नव्हते?"

आता ट्रक रोज बंद पडत नाही. कधीतरीच. परवा मी सायकलवरून चाललो होतो, तर ही रस्त्याच्या कडेला, ट्रकला टेकून, हाताची घडी घालून, जवसाच्या निळ्या फुलांकडे बघत उभी. म्हटलं, "काकू, बंद पडला का?"

"छे! निसर्ग बघतेय. दहा मिनिटं बघणार आहे!"

मीही सायकल लावली आणि दहा मिनिटं जवस बघितलं. तू असतास तर काय केलं असतंस?