उंबऱ्याबाहेर नेऊ नये

आधी एक गोष्ट ठणकावून सांगतो, मग वाटलं तर पुढे वाचा. 'सप्रेम भेट' लिहिलेलं पुस्तक जो विकतो, तो माझ्या लेखी माणूस नव्हे! कुणीतरी शाई उगाळून, श्वास रोखून त्यावर तुमचं नाव लिहिलेलं असतं. आणि तुम्ही ते खोक्यात कोंबून दुकानदाराला देता? थू!

मी इसाकु टोकुमारु. धंदा तातामीचा, म्हणजे घरात अंथरायच्या जाड गवती चटया शिवायचा. शाळा चौदाव्या वर्षी सुटली. पुढचं सगळं शिक्षण जिम्बोचोतल्या जुन्या पुस्तकांच्या दुकानांबाहेर, उभ्या उभ्या, दुकानदार खोकेपर्यंत वाचून झालं. एकाही प्रोफेसराचा त्यात हात नाही! उलट माझ्या संग्रहात तीनशे सोळा पुस्तकं आहेत. रेशमी पुठ्ठ्यांची, लाखेच्या कण्यांची, सोन्याच्या वर्खाची. त्यातली निम्मी प्रोफेसरांनीच विकलेली! गुरूने दिलेली, शिष्याने दिलेली, एक तर चक्क बायकोने लग्नाच्या वाढदिवसाला दिलेलं! मी त्यांना आसरा देतो. पुस्तकांना. प्रोफेसरांना नव्हे.

घरात आलेल्या प्रत्येक पुस्तकावर माझा शिक्का बसतो. चार महिने खपून मीच दगडात कोरलाय तो, पुरातन वळणाच्या अक्षरांत. 'टोकुमारु संग्रह. उंबऱ्याबाहेर नेऊ नये. परक्या हाती देऊ नये.' ती अक्षरं आता कुणाला धड वाचता येत नाहीत. म्हणूनच तर कोरली!

आणि अशा माझ्या पोटच्या पोरीने, चिनामीने, लग्न ठरवलं कुणाशी? प्रोफेसराच्या पोराशी!

तीन महिने मी घर डोक्यावर घेतलं.

"अहो, पोरगा पूल बांधतो," आमची शिगेनो म्हणाली. "प्रोफेसर त्याचा बाप आहे."

"रक्त तेच ना!"

"चिनामी तुमच्या रक्ताची. ती कुठे चटया शिवते?"

यावर मी अर्धा दिवस रुसून बसलो. पण चिनामी बोलायचीच बंद झाली. सकाळी माझ्यासमोर भात ठेवायची तो असा, की वाडगा बोलेल पण पोरगी बोलणार नाही. शेवटी मी नमलो. दोन्ही घरांनी वाम माशाच्या खानावळीत एकत्र जेवायचं, लग्नाच्या नोंदणीच्या कागदावर साक्षीदार म्हणून दोन्ही बापांनी सहीच्या जागी आपापल्या नावाचे शिक्के मारायचे, आणि पोरांनी तसंच वॉर्ड ऑफिसात जाऊन कागद द्यायचा, असं ठरलं. दिवसही शुभ निघाला.

त्याच्या चार दिवस आधी म्हाताऱ्या इवाबुचीच्या दुकानात माझ्या हाती एक पुस्तक आलं. जुन्या शिक्क्यांच्या छापांचं. एकशेवीस प्रती, हातांनी छापलेल्या. कोवळ्या पानाच्या रंगाचं रेशीम आणि त्यावर सोनेरी चतुर असे, की हात लावला तर उडतील! आत कुणा वृद्ध गुरूचं अक्षर होतं: 'कागेयामाला. हे हाताशी असू दे.'

कागेयामा! होणाऱ्या व्याह्यांचं आडनाव!

"इवाबुची, हा शिक्क्यांवर व्याख्यानं देणारा कागेयामा का?"

"दुसरा कोण? नऊ वर्षांपूर्वी अठरा खोकी आली त्यांच्या घरून. शेवटचं खोकं परवा उघडलं, त्यात तळाशी हे. का हो, तुम्ही हसताय का?"

हसणारच! गुरूने 'हाताशी असू दे' म्हणून दिलेलं पुस्तक या माणसाने विकलं! तीन खोल्यांच्या चटयांची कमाई मोजून मी ते घेतलं. बेत पक्का झाला. मासा खाऊन झाला, चहा आला, की पुस्तक त्याच्यापुढे ठेवायचं आणि फक्त एक शब्द बोलायचा: "ओळखता?" तो शब्द मी चार दिवस चटया शिवताना घोकला.

त्या दिवशी सकाळी आधी पुस्तकावर माझा शिक्का उमटवला. अपमान नंतर, मालकी आधी! तेवढ्यात खालून शिगेनो ओरडली, "अहो, गाडी चुकेल! शिक्का घेतलात का?"

"घेतला, घेतला!"

हातात होता तो जरीच्या पिशवीत टाकला, पुस्तक गाठोड्यात बांधलं आणि निघालो. चष्मा मुद्दाम घरी ठेवला. प्रोफेसरापुढे मी कशाला म्हातारा दिसू?

खानावळीची माडीवरची खोली. समोर प्रोफेसर कागेयामा. काठीसारखा माणूस, कपडे सुकायला घातल्यासारखे अंगावर लटकलेले. शेजारी त्यांची बायको, गोल, हसरी. मधे नवरा मुलगा तोमोनारी, घामाने निथळत. नोंदणीचे कोरे कागद दोन आणले होते, पण घाबरून त्याने स्वतःच्या आईचं नाव चुकवलं आणि एक कागद वाया घालवला. उरला एक!

"जेवणाआधीच उरकू या," प्रोफेसर म्हणाले. "टेबल स्वच्छ आहे तोवर." त्यांनी नाव लिहिलं, आपला चिमुकला गोल शिक्का मारला आणि कागद माझ्याकडे सरकवला.

मी नाव लिहिलं. पिशवीत हात घातला. शिक्का जरा जड लागला. मनात म्हटलं, इसाकु, पोरीच्या लग्नाचा शिक्का आहे, जड लागणारच! लाल शाईत बुडवला आणि सगळं अंग टाकून दाबला.

उचलला.

मला चष्म्याशिवाय एवढंच दिसलं की माझ्या रकान्यात काही तो मावलेला नाही. चांगला पापडाएवढा चौकोन! निम्मा वर चढून प्रोफेसरांच्या नावावर बसला होता.

"बाबा, हे काय?" चिनामी म्हणाली.

प्रोफेसर वाकले. नाक कागदाला टेकलं. आणि अख्ख्या टोकियोत ही अक्षरं सहज वाचणारी जी चार माणसं असतील, त्यातलं एक माझ्या समोर बसलंय हे मला तेव्हा आठवलं!

"टोकुमारु संग्रह," ते सावकाश वाचू लागले. "उंबऱ्याबाहेर... नेऊ नये. परक्या... हाती... देऊ नये."

तोमोनारीच्या हातातल्या जेवायच्या काड्या पडल्या.

"चूक झाली!" मी ओरडलो. "शिक्का बदलला!"

"बदलला म्हणे!" शिगेनो. "तीन महिने हेच तर बोलताय! फक्त कोरून आणायचं राहिलं होतं!"

"अगं, हा पुस्तकांचा शिक्का आहे!"

"साहेब," तोमोनारी गुडघ्यांवर येऊन कपाळ चटईला टेकवत म्हणाला, "मी परका आहे हे मान्य. पण मी तिला सांभाळीन!"

"ऊठ रे! तुझ्याबद्दल नाहीये ते!"

"मग माझ्याबद्दल आहे का?" प्रोफेसर म्हणाले. आवाज थंडगार. "शिक्का माझ्या नावावर आहे म्हणून विचारतो."

एवढ्यात वाढणारी बाई मासा घेऊन आली, आमची तोंडं पाहिली आणि माशासकट परत गेली.

चिनामी उठली. रडत असती तर बरं झालं असतं. ती हळू आवाजात म्हणाली, "बाबा, तुम्ही नको म्हणाला असतात तर मी भांडले असते. पण हो म्हणून इथे आणलंत, सगळ्यांना बसवलंत आणि हे केलंत?" आणि सरकतं दार उघडून ती जिन्याकडे निघाली.

ती पायरी उतरली की गेली, एवढं मला कळलं. पुरावा! पुरावा पाहिजे! मी गाठोडं सोडलं आणि ते पुस्तक टेबलावर आपटलं.

"चिनामी, थांब! हे बघ, सकाळी यावर मारलाय. तोच शिक्का! तीच शाई! ओली आहे अजून! पुस्तकांसाठीच आहे तो, आईची शपथ!"

चिनामी दारात थांबली. पण आता तिच्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं. प्रोफेसर त्या सोनेरी चतुरांकडे असे बघत होते, की जणू मेलेलं माणूस दारात उभं आहे.

"हे... हे तर चिरडलं होतं," ते पुटपुटले.

"चिरडलं?" मी म्हटलं. "तुम्ही विकलंत ना हे?"

"मी?" ते एवढ्या मोठ्याने ओरडले, की तो लटकता कोट पहिल्यांदा अंगाला लागला. "मी विकीन हे? माझ्या गुरूंनी दिलेलं?"

आता त्यांची बायको बोलली. खाली मान घालून. "आमची माडी खचली होती नऊ वर्षांपूर्वी. मी खाली मुळा किसत होते आणि वरून इतिहास आला."

"कसला इतिहास?"

"यांचाच. 'शिक्क्यांचा समग्र इतिहास', चौदा खंड. स्वतः छापला, कुणी घेतला नाही, म्हणून सगळा माडीवर रचलेला. पाच चटया आणि सगळ्या फळ्या घेऊन स्वयंपाकघरात उतरला!"

"फळ्या पातळ असणार," माझ्या तोंडून निघून गेलं. "आणि कडेला टेकू नसेल दिला."

"नव्हताच दिला!" प्रोफेसर म्हणाले. "हे पुस्तक त्या ढिगाऱ्यात गेलं असं मी नऊ वर्षं समजतोय."

"नव्हतं गेलं," बायको म्हणाली. "जागा मोकळी करायला खोकी मी दिली दुकानदाराला. एक खोकं चुकीचं गेलं. दुसऱ्या दिवशी लक्षात आलं."

"आणि बोलली नाहीस?"

"कसं बोलू? तुम्ही त्याच्या नावाने उदबत्ती लावत होतात हो!"

माझा चार दिवस घोकलेला शब्द वाया गेला होता. काय बोलणार? ओळखता म्हणून? तो माणूस तर गुरूच्या अक्षरावरून बोट फिरवत होता, कागदाला न टेकवता, वरच्यावर.

"घ्या," मी म्हटलं. "तुमचंच आहे."

"पण तुमचा शिक्का आहे. परक्या हाती देऊ नये."

"मग परके राहू नका!" मी खेकसलो. मला गोड बोलता येत नाही, त्याला काय करणार!

चिनामी माझ्या शेजारी येऊन बसली. "म्हणजे मुद्दाम नव्हतं?"

"नव्हतं गं."

"खरं?"

"शिक्का चुकून पडला," मी म्हटलं. "मजकुराचं विचारू नकोस."

तिने माझ्या हातात पेन दिलं आणि कागद पुढे ओढला. चुकीवर दोन रेघा मारायच्या आणि शेजारी खरा शिक्का उमटवायचा, ही आमच्याकडची रीत. चुकणाऱ्याने स्वतः मारायच्या. 'उंबऱ्याबाहेर नेऊ नये' यावरून मी पहिली रेघ ओढली. वाकडी आली. आयुष्यभर चटईची कड डोळे मिटून सरळ शिवणारा मी! दुसरी तिने माझं मनगट धरल्यावर सरळ आली.

"आता खरा शिक्का?" तोमोनारी.

तो घरी होता! सगळे पुन्हा हवालदिल. तेव्हा शिगेनोने थैलीतून बोटाएवढी लाकडी खुंटी काढली. पार्सलवाला आला की दारात मारायचा तो आडनावाचा शिक्का. पावडरच्या डबीला चिकटलेला.

"हा तुझ्याकडे मघापासून होता?"

"तुम्ही ओरडायचं थांबवाल तेव्हा देणार होते."

तर माझ्या एकुलत्या एक पोरीच्या लग्नावर पार्सलचा शिक्का आहे. वॉर्ड ऑफिसातल्या कारकुनाने चष्मा वर करून त्या खोडलेल्या लाल चौकोनाबद्दल विचारलं म्हणे. तोमोनारीने प्रामाणिकपणे सगळा मजकूर सांगितला. कारकून म्हणाला, "ठीक आहे, आमचेही कागद बाहेर नेऊ देत नाहीत," आणि पुढच्या माणसाला हाक मारली.

खानावळीतून निघताना मी पुस्तकातल्या शिक्क्यावरही दोन रेघा मारायला पेन उचललं, तर प्रोफेसर किंचाळले, "पुस्तकावर नको!" आणि त्याच क्षणी पेन टाकून मीही ओरडलो, "पुस्तकावर कशा मारीन मी!" एवढ्या एका बाबतीत तो माणूस सुशिक्षित आहे. त्यामुळे ते पुस्तक नियमाने अजून माझंच आहे आणि राहतं त्यांच्याकडे. साहजिकच त्याची देखरेख मला करावी लागते. दर दुसऱ्या रविवारी जाऊन बघतो, दमट तर नाही ना, वाळवी तर नाही ना. चिनामी आणि तोमोनारी त्याच घरात माडीवर राहतात, हा निव्वळ योगायोग. तिथल्या नव्या चटया मीच घातल्या. टेकूही दिले.

आता फक्त एक अडचण झाली आहे. पुस्तक दिलं म्हणून परतभेट द्यायलाच हवी, ही आमच्याकडची दुसरी रीत. प्रोफेसर रीत मोडणारे नाहीत. मी गेलो की प्रत्येक वेळी निघताना ते मला दोन्ही हातांनी एक खंड देतात. 'शिक्क्यांचा समग्र इतिहास.' करडा पुठ्ठा, आठशे पानं, एक चित्र नाही! आणि पहिल्या पानावर उगाळलेल्या शाईत, सुंदर अक्षरात: 'व्याही टोकुमारु यांस सप्रेम भेट. हे हाताशी असू दे.'

चौदा खंड झाले. मला वाटलं, सुटलो. पंधराव्या वेळी त्यांनी पुन्हा पहिला दिला. "वाचायला एक, जपायला एक," म्हणाले. त्यांच्या माडीवर अजून अडतीस संच आहेत!

परवा आमच्या माडीची जमीन करकरली. शिगेनो खालून म्हणाली, "अहो, विकून टाका ना ते."

विकून टाका म्हणे! 'सप्रेम भेट' लिहिलंय हो त्यावर!