गेटाजवळच्या सावनीची मोहीम

थोरांनी गड घेतले, त्यांचे लिहिणारे बहुत जाहले. परंतु नाशिकात गंगापूर रोडच्या आतल्या गल्लीत चटईएवढा मुलूख कैसा राखिला, हे लिहावयास कोणास फुरसत नव्हती, सबब हा मजकूर.

मुलखाच्या धनीण अनवरीबी, शिलाईत पोख्त, बागकामात नुसत्याच हौशी. त्यांनी नर्सरीतून सावनीचे ठेंगणे झुडूप रिक्षात मांडीवर बसवून इतमामाने आणिले आणि गेटाजवळ ठाणे दिले. नर्सरीवाल्याने अर्ज केला की, थंडीत पाने झडतील, भिऊ नये. परंतु बीबीसाहेब ते समयी फुलांच्या रंगाच्या मसलतीत होत्या, अर्ज हवेत गेला.

मग थंडी पडली आणि पाने झडली आणि उरल्या नुसत्या काड्या. बीबीसाहेबांनी घाबरून चहाचा चोथा, मासळी धुतल्याचे पाणी, ऐशी रसद धाडिली. मांजरे तेवढी हजर जाहली. यजमान इब्राहिमभाई, सातपूरच्या कारखान्यातील टर्नर, यांची स्कूटर बाहेर उन्हात तापे, सबब त्यांचा डोळा त्याच जागेवर. त्यांनी फर्मावले, "अगं, मेलंय ते. सरपण झालंय."

"झोपलंय. तुम्ही रविवारी झोपता तसं."

"मी उठतो तरी!"

"जेवायला."

अखेर तह जाहला की, रंगपंचमीपर्यंत पालवी न फुटल्यास मुलूख स्कूटरच्या हवाली. तह केला खरा, परंतु बीबीसाहेब रोज सकाळी काडी नखाने हळूच खरवडून पाहत आणि आत हिरवे दिसले म्हणजे दिवसभर शिलाईचे मशीन खुशीत चाले.

ऐसे असता, मुदत बाकी असता, इब्राहिमभाईंनी जागेचे माप घेण्याच्या मिषाने स्कूटर मागे घेतली आणि ब्रेकने दगा दिला आणि गुडघ्याच्या उंचीवरच्या तमाम फांद्या मोडून कामास आल्या. घरात भांडी तेवढी बोलत होती. मग बीबीसाहेबांनी कापडावाचून कशास न लाविलेली आपली खाशी कात्री काढिली आणि मोडकी टोके एकेक नीट कापिली.

रंगपंचमीस गल्लीत एकच दंगा माजला असता कापल्या टोकांखाली तांबडे कोंब निघाले. मग कोंबांच्या फांद्या जाहल्या आणि पावसाळ्यात फांदी-फांदीच्या शेंड्यास गुलाबी, चुणीदार फुलांचा घोस आला. कारण सावनी नव्या फुटीवरच फुलते, हे उभय पक्षांस ठाऊक नव्हते.

शेजारच्या सुलाबाईंनी पुसले, "इतकं कसं हो भरलं?"

इब्राहिमभाईंनी छाती काढून जाहीर केले, "छाटणी मीच केली ना, वहिनी! द्राक्षाची करतात तशी."

बीबीसाहेबांनी खिडकीतून हुकूम सोडिला, "सांगा, सांगा. स्कूटर मात्र बाहेरच."

येणेप्रमाणे मोहीम फत्ते जाहली. जमीन अनवरीबींकडे राहिली, कीर्ती इब्राहिमभाईंस बहाल जाहली. कीर्तीस रोज पाणी घालावे लागत नाही, ऐसे जाणून बीबीसाहेबांनी ती खुशीने सोडिली.